गारठ्यात मुरलेली पालेभाजी

डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास येतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले आणि निफाडचा पारा घसरला. पाठोपाठ द्राक्षबागांत पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो छापून येतात, मणी तडकण्याची धास्ती व्यक्त होते. बातमीत न येणारी गोष्ट अशी की त्याच पहाटे, त्याच शिवारात मेथी, चाकवत, करडई आणि पालकाचे वाफे दहिवराने निथळत उभे असतात आणि ऊन वर आलं की तरारलेले दिसतात. थंडीची लाट सगळ्या पिकांवर सारखी कोसळत नाही. काही झाडं तिच्यात जळतात, काहींची वाढ नुसती थांबते आणि काहींना तिच्यामुळेच चव येते. परसात किंवा गच्चीवर चार वाफे, आठ कुंड्या सांभाळणाऱ्याला हा फरक नीट कळला, तर भाजीसाठी पौषासारखा महिना नाही.

हवामान खातं मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतं? किमान तापमान 10 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली उतरलं पाहिजे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी घसरलेलं असलं पाहिजे. ही घसरण 6.4 अंशांच्या पलीकडे गेली की लाट तीव्र ठरते. पारा 4 अंशांवर आला तर सरासरीचा हिशेब न करताच लाट धरली जाते. या थंडीचं मूळ पार दूर आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकतात आणि त्यांच्या मागून वायव्येकडचे गार, कोरडे वारे मोकळे सुटतात. ते आधी खानदेश-विदर्भात पोचतात, मग मराठवाडा आणि नाशिक-पुण्याच्या पठारावर उतरतात. नागपुरात 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे पारा 3.5 अंशांवर गेला होता, तो अशाच वाऱ्यांमुळे.

पण वाऱ्याबरोबर येते ती निम्मीच थंडी. उरलेली आपल्याच अंगणात, रातोरात तयार होते. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की साठवलेली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. आभाळात ढग असतील, हवेत दमटपणा असेल, तर त्यातली बरीचशी उष्णता परत खाली येते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर ती निघून जाते ती जातेच. अशा रात्री सगळ्यात आधी गार होतं ते उघड्यावरचं पान. त्याला लागून असलेली हवा त्यानंतर. म्हणून तर हवामान केंद्रातला तापमापक 4 अंश दाखवत असताना गवताच्या पात्यावरचं दव गोठलेलं सापडतं. तो तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. वाफ्यातली मेथी जेमतेम वीतभर उंचीची. शांत रात्री एवढ्याशा अंतरात तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो.

शिवाय गार हवा जड असते. ती उताराने सरकत जाते आणि खोलगट जागी साचून राहते. महाबळेश्वरच्या बाजारपेठेपेक्षा खालच्या वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरात गारठा जास्त असतो, होडीच्या धक्क्यावर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात ते तिथेच. उंच जागा थंड आणि सखल जागा उबदार हा आपला नेहमीचा समज अशा रात्री उलटा होतो. निफाडचंही असंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात ज्या नोंदी होतात, त्या गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातल्या मोकळ्या, सखल शिवारातल्या आहेत.

आपल्या परसातही असं एखादं खोलगट ठिकाण असतं. पहाटे एक चक्कर मारली की ते कळतं. आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीची काच कोरडी असते, मोकळ्यावर लावलेल्या गाडीची काच दवाने पांढरी झालेली असते. पानाला जेवढं जास्त आकाश दिसतं, तेवढी त्याची उष्णता जास्त जाते. कुंपणाची भिंत उताराच्या खालच्या बाजूला असेल तर तिच्या अलीकडे गार हवा तुंबते. तिथे टोमॅटो, वांगं लावू नये. दिवसभर ऊन खाणाऱ्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीचा पायथा मात्र नाजूक रोपांसाठी उत्तम, कारण भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब देत राहते. गच्चीवरच्या कुंड्यांचा प्रश्न वेगळा. जमिनीतल्या मुळांना खालून उष्णता मिळते, कुंडी चहूबाजूंनी गार होते. कडाक्याच्या दिवसांत कुंड्या एकमेकींना खेटून भिंतीलगत ठेवाव्यात, कठड्यावर एकेकटी कुंडी ठेवू नये.

आता पानाच्या आत काय घडतं ते पाहू, कारण निगराणीचे सगळे नियम तिथूनच निघतात. टोमॅटो, वांगी, काकडी, तुळस, माठ, अळू ही उष्ण हवेतली झाडं. ओळीने काही रात्री 10 अंशांच्या खाली गेल्या की पाणी न गोठताही त्यांना इजा होते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचं पातळ पटल असतं. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसं या झाडांमधलं पटल गारव्याने थिजतं, त्यातून क्षार आणि पाणी पाझरू लागतं, आणि तुळशीची पानं दोन दिवसांत काळपट पडतात. चाकवत, पालक, कोबी, मेथी ही थंड हवेतली झाडं या पटलाची घडणच बदलतात. रात्री गार होऊ लागल्या की त्यात गारव्यातही पातळ राहणाऱ्या स्निग्धांचं प्रमाण वाढतं.

दुसरा बदल आपल्या जिभेला कळतो. दिवसा पान साखर तयार करतं. गारव्यात वाढ मंदावलेली असते, त्यामुळे ती खर्च होत नाही. साठवलेल्या पिष्टातूनही साखर सुटते. या साखरेमुळे रसाचा गोठणबिंदू थोडा खाली जातो खरा, पण तिचं मोठं काम वेगळं आहे. ती पेशीतलं पाणी धरून ठेवते आणि पटलांना तुटू देत नाही. जानेवारीतला पालक आणि कोबी नोव्हेंबरपेक्षा गोड लागतात, ते यामुळे. गोडी ही त्या झाडाच्या थंडीविरुद्धच्या तयारीची खूण आहे.

प्रत्यक्ष बर्फ झालाच तर तो आधी पेशींच्या मधल्या फटींत होतो, कारण तिथलं पाणी जवळजवळ शुद्ध असतं. तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पान गडद, काचेसारखं आणि मलूल दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं, गेलं. पण तयारी झालेल्या झाडात पेशी आक्रसूनही जिवंत राहते, आणि ऊन हळूहळू चढलं की सुटलेलं पाणी परत शोषून घेते. दहा-अकरा वाजता तेच पान ताठ उभं असतं. पेशीच्या आतच बर्फ झाला तर मात्र उपाय नाही.

ही तयारी एका रात्रीत होत नाही. त्यासाठी आठवडा-दोन आठवडे उतरत जाणारं तापमान लागतं. घालवायला मात्र चार-दोन उबदार दिवस पुरतात. म्हणून माझ्या मते सगळ्यात वाईट थंडी ती नव्हे, जी डिसेंबरभर सावकाश वाढत गेली. वाईट थंडी ती, जी ढगाळ, कोमट आठवड्यानंतर एकदम येते. ढग हटले, वारा पडला आणि आभाळ स्वच्छ झालं, की त्या पहिल्या दोन-तीन रात्री सांभाळायच्या.

लावायचं काय? मेथीपासून सुरुवात करावी, कारण ती नवख्यालाही फसवत नाही. रात्रभर भिजवलेलं बी चार दिवसांत उगवतं, महिन्याभरात जुडी हाती येते. मुंबईकरांना समुद्रमेथी ठाऊक असते. ती याच मेथीची, किनाऱ्याजवळच्या रेतीत दाट पेरून कोवळेपणीच मुळासकट उपटलेली रोपं. घरी पसरट ट्रेमध्ये वाळू-मातीत ती सहज होते.

पालक दोन तऱ्हेचा असतो. आपल्या मंडईतला नेहमीचा, लांबट गुळगुळीत पानांचा पालक बिटाच्या जातीतला आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘ऑल ग्रीन’ आणि ‘पुसा ज्योती’ ही वाणं त्यातलीच. इराणच्या बाजूने जगभर गेलेला विलायती पालक वेगळा; तो थंडीला अधिक चिवट असतो, पण आपल्याकडे ऊन वाढताच लगेच फुलावर येतो. देशी पालकाचं बी हातात घेऊन पाहा. ती खडबडीत गोळी म्हणजे एक बी नसून दोन-तीन बियांचा जुडगा असतो. एका गोळीतून दोन-तीन रोपं निघतात. विरळणी केली नाही तर सगळीच खुरटतात. काढलेली रोपं फेकू नयेत, वरणात घालावीत.

चाकवताबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे. गव्हाच्या शेतात तो तण म्हणून उगवतो; खुरपणीला गेलेल्या बाया तो ओटीत खुडून घरी आणतात आणि संध्याकाळी ताक, डाळ-शेंगदाणे आणि लसणाच्या फोडणीत तो उकळतो. कोवळ्या पानाची मागची बाजू बोटाने चोळली की पीठ लावल्यासारखी पांढरी भुकटी बोटाला लागते. ती धूळ नाही आणि भुरी रोगही नाही. भिंगाखाली पाहिली तर पाण्याने भरलेल्या सूक्ष्म फुगीर केसांची दाटी दिसते. ती पुसायची गरज नसते. पालक आणि चाकवत दोघंही राजगिऱ्याच्या कुळातले. किन्वाचं दाणेदार पीक तर चाकवताचं सख्खं भावंड. पण माठ आणि राजगिरा थंडीत आखडतात, चाकवत गव्हाबरोबर बिनधास्त वाढतो. एका झाडाला हजारो बारीक काळ्या बिया लागतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणून एकदा वाफ्यात आला की पुढच्या थंडीत बहुतेक आपला आपण उगवतो. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक, चाकवत, चुका बेताने खावेत. त्यांत ऑक्झलेट बरंच असतं, आणि पानं उकळून ते पाणी टाकलं तर ते कमी होतं.

करडईला तेलबिया म्हणून ओळखणारे पुष्कळ, भाजी म्हणून ओळखणारे आता कमी होत चाललेत. सोलापूर, लातूर, परभणीकडे रब्बीच्या रानात विरळणी करताना उपटलेली कोवळी करडई ही हक्काची भाजी. बी उगवल्यावर पहिले काही आठवडे हे झाड उंच वाढतच नाही. जमिनीला चिकटून पानांचा झुबका पसरवतं आणि मूळ खोल घालत राहतं. या अवस्थेतली करडई शून्याखाली 7 अंशांपर्यंतचा गारठा सोसते. एवढी थंडी महाराष्ट्राच्या मैदानात पडतच नाही. दांडा वर निघाल्यावर हा चिवटपणा जातो आणि पानांना काटेही येतात. म्हणजे भाजी खाण्याची वेळ आणि झाडाच्या सर्वांत कणखर अवस्थेची वेळ एकच. परसबागेसाठी याहून सोयीचं पीक मला माहीत नाही.

हरभऱ्याचा पाला ही अशीच आणखी एक भाजी. फुलं येण्याआधी शेंडे खुडले की झाड फुटवे धरतं, भाजीही होते आणि पुढे घाटेही जास्त लागतात. त्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं पाझरतात. हीच हरभऱ्याची आंब. संध्याकाळी रानात पांढरं धूतवस्त्र पसरून ठेवायचं, पहाटे दहिवरासकट ते पिळून आंबट पाणी बाटलीत भरायचं आणि पोटदुखीला, अजीर्णाला वापरायचं, ही गावोगावची रीत. खुडताना बोटं आंबट होतात, चामडीला झोंबतंही. मराठवाडा-खानदेशात हाच कोवळा पाला कांदापातीबरोबर कच्चा चिरून, वर तिखट, मीठ, कूट आणि तेल घालून घोळाणा करतात; गरम भाकरीबरोबर तो पंक्तीत सगळ्यात आधी संपतो. पाला वाळवून ठेवला तर उन्हाळ्यातही भाजी होते. थंडीचा फटका हरभऱ्याला फुलोऱ्यात बसतो. दिवस-रात्रीची सरासरी 15 अंशांच्या खाली राहिली तर फुलं गळतात. पाल्याला मात्र तेवढ्याने काही होत नाही.

बाकी कांदापात, लसूणपात, कोथिंबीर, शेपू, मुळा, नवलकोल ही नेहमीची मंडळी. कोथिंबिरीसाठी धणे हलकेच रगडून दोन फाका करून पेरावेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पेरणीची वेळ मात्र चुकवू नये. कडाका सुरू होण्याआधी रोपाला चार-सहा खरी पानं आली पाहिजेत, म्हणजे कोजागिरी ते दिवाळी या दिवसांत पहिला हात पडला पाहिजे. त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं पेरत राहावं. डिसेंबरच्या थंडीत पेरलेलं बी सडत नाही, पण उगवायला वेळ घेतं. उकरून पाहण्याची घाई करू नये. याच सुमारास कोबीची पानं जांभळट दिसतात. बहुतेक वेळा जमिनीत स्फुरद असतं, गार मातीत मुळांना ते उचलता येत नसतं. युरियाची मूठ टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. जास्त नत्राने पानं लुसलुशीत आणि पाणथळ होतात, ती गारठ्यात आधी जळतात आणि मावाही आधी त्यांवरच बसतो. कुजलेलं शेणखत पेरणीआधी घातलेलं पुरतं.

आता लाटेच्या रात्रीचं. त्या दिवशी दुपारी वाफ्यांना पाणी द्यावं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सावकाश सोडते. विहिरीचं पाणी मिळत असेल तर फारच चांगलं. जमिनीत खोलवरचं तापमान वर्षभराच्या सरासरीइतकं राहतं, म्हणून जानेवारीत पहाटे विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं. वाफ्याला तीच ऊब मिळते.

झाकायचं असेल तर सूर्य मावळण्याच्या सुमारास झाकावं, ऊब निघून गेल्यावर नव्हे. जुनी सुती साडी, गोणपाट, शेडनेट, काहीही चालतं. चार काठ्या रोवून कापड पानांपासून वर ठेवावं आणि कडा जमिनीला टेकवाव्यात. ऊब रोपातून येत नाही, मातीतून येते. ती कापडाखाली कोंडली गेली पाहिजे. प्लास्टिक पानाला टेकलं तर टेकलेल्या जागी पान जळतं. एकट्यादुकट्या रोपावर बांबूची टोपली पालथी घातली तरी काम होतं. सकाळी ऊन आलं की आच्छादन काढलंच पाहिजे.

पाचट आणि पालापाचोळ्याचं आच्छादन एरवी मीही सगळ्यांना आग्रहाने सांगतो, पण गोठवणाऱ्या रात्री ते उलटं काम करतं. पाचट मातीची ऊब मातीतच अडवून ठेवतं, वरच्या पानापर्यंत ती पोचत नाही. मुळं सुखरूप राहतात, पानं मात्र अधिक गारठतात. लाटेचा अंदाज असेल तर नाजूक भाज्यांच्या ओळीतलं पाचट दोन दिवस बाजूला ओढून माती उघडी आणि ओली ठेवावी.

शेकोटीच्या धुराबद्दलचा समजही तपासायला हवा. धूर पसरला की थंडी अडते असं सर्रास सांगितलं जातं. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून वर जाणारी उष्णता ते फारशी अडवू शकत नाहीत. बागायतदारांना शेकोट्यांचा जो उपयोग होतो तो आगीच्या प्रत्यक्ष उष्णतेचा आणि तिच्यामुळे वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळण्याचा. त्यासाठी एका मोठ्या धुमसत्या ढिगापेक्षा बागेत ठिकठिकाणी छोटे, नीट पेटते जाळ बरे. परसबागेत तर ओला पाला जाळून धूर करणं म्हणजे शेजारच्या दमेकऱ्यांना त्रास आणि भाजीला फायदा शून्य. तो पाला खताच्या खड्ड्यात टाकावा.

सकाळी पानांवर बर्फ दिसला तर हात लावू नये, झटकू नये, खुडू नये. गोठलेलं पान दाबलं की पेशी फुटतात आणि तिथे काळा डाग पडतो. पूर्वेचं ऊन थेट येत असेल तर तासभर आडोसा करावा. बर्फ जितका हळू वितळेल तितकं पान वाचतं. भाजी दुपारनंतर काढावी. तोपर्यंत पान सावरलेलं असतं आणि दिवसभराची साखरही त्यात जमलेली असते. जळालेली दिसणारी रोपं लगेच उपटू नयेत. पालक, चाकवत, मेथी यांचा गाभा बहुधा शाबूत असतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पानं फुटतात.

मंडईत मेथी आणि पालक बारा महिने मिळतात. चाकवत, करडई आणि हरभऱ्याचा पाला मात्र या दोन-तीन महिन्यांतच येतात आणि शहरांतल्या अनेक बाजारांतून तेवढेही येईनासे झालेत. दुकानात त्यांच्या बियांची पुडीही सहजी मिळत नाही. तेव्हा यंदा जागा थोडी असेल तर ती यांना द्या. करडईचं आणि देशी हरभऱ्याचं बी किराणा दुकानातल्या न भाजलेल्या, न सोललेल्या दाण्यातूनही उगवतं. चाकवताचं बी ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागून आणा. फेब्रुवारीत दिवस मोठे होऊ लागले की झाडं फुलावर येतील. तेव्हा सगळी उपटून टाकू नका. प्रत्येकाची दोन सशक्त झाडं, शक्यतो लाटेतून तरून गेलेली, बियांसाठी राखून ठेवा आणि वाळलेलं बी शेजाऱ्यांनाही वाटा.